गाणं लिहायचंय? आधी टाळ्या मोजा

मोबाइलच्या नोट्समध्ये दोन ओळी पडून असतात. पुढचं कडवं सुचत नाही. मग कारणं सुरू होतात. पेटी येत नाही, गिटार महाग, क्लासची फी परवडत नाही आणि नामपुरात राहून कोण गायक झालंय!

जरा थांबा. आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. तिथं १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले. तरुणपणी ते मुंबईत कष्टाची कामं करत होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचायला दिलेलं पत्र वाचता आलं नाही, ते मनाला लागलं. मग देहलवी मास्तरांकडून अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत सराव केला. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. म्हणजे आपल्याच वयाचे! पुढे हजारो गाणी लिहून त्यांनी आंबेडकरी विचार गावोगावी नेला.

ते पहिलं गाणं हिंदी गाण्याचं विडंबन होतं. चाल तयार, शब्द आपले. नवशिक्यासाठी याहून सोपी शाळा नाही.

करून बघा. आवडत्या गाण्याची चाल गुणगुणा आणि टाळ्या मोजा. बरीचशी गाणी केरव्यात असतात, म्हणजे आठ मात्रा. दादरा असेल तर सहा. पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, वजनदार शब्द पडला की ओळ लगेच कानात बसते. तिथं ‘आणि’, ‘पण’ आलं की ओळ लंगडते. ओळ एका श्वासात म्हणता येत नसेल तर कात्री लावा. सुरुवातीला एक धृपद आणि दोन अंतरे पुरेत. धृपदात मुख्य गोष्ट, अंतऱ्यात तिची कारणं, प्रसंग, माणसं.

आता शब्दांचं. बागलाणात घरी आपण ‘माले’, ‘तुले’, ‘शे’ बोलतो. गाणं लिहायला बसलो की मात्र ‘तन्हाई’ आणि ‘जुदाई’ आठवते. अहिराणीत लिहिलं तर गावंढळ वाटेल, ही भीती. पण ‘बबल्या इकस केसावर फुगे’वर अख्खा महाराष्ट्र नाचला, तेव्हा अहिराणी कुणाला आडवी आली? बहिणाबाई चौधरींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. घरची-शेतातली कामं करता करता, खानदेशातल्या आपल्या बोलीत त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नातेवाइकांनी ती टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक आलं. आपल्याकडे तर खिशात रेकॉर्डर आहे. चाल सुचली की तिथल्या तिथं रेकॉर्ड करा, सकाळपर्यंत ती उडून जाते.

गाताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो पट्टीचा. मूळ गायकाच्या पट्टीत गायचा हट्ट नको. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आधी लावून बघा, घसा ताणला तर पट्टी खाली घ्या. तानपुऱ्याचं अ‍ॅप फुकट मिळतं. माइक तोंडापासून चार बोटं लांब. शब्द विसरलात तर थांबू नका, धृपदावर या. लोक टाळी धरतात तेव्हा गाडी पुन्हा रुळावर येते.

एक सावधगिरी बाळगा. उसनी चाल सरावाला ठीक, पण तीच यूट्यूबवर टाकली तर कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. भारतात गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. म्हणून अपलोड करायच्या आधी स्वतःची चाल बांधा. जात्यावरच्या ओव्यांचा ठेका अभ्यासायचा असेल तर आजीला विचारा.

व्ह्यूज किती येतील ते नंतर बघू. वामनदादांचं गाणं ज्यांच्यासाठी होतं, त्यातल्या कित्येकांना पेपर वाचता येत नव्हता. त्यांच्यापर्यंत विचार गाण्यातूनच पोचला. तुमचं गाणं कुणासाठी आहे? कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या बापासाठी, शिक्षण सुटलेल्या मैत्रिणीसाठी, की फक्त क्रशसाठी? तेही चालेल! पण माणूस ठरला की शब्द सापडायला लागतात. या आठवड्यात एक धृपद, दोन अंतरे लिहा आणि गॅदरिंगची वाट न बघता चार मित्रांना बसवून ऐकवा. कुठल्या ओळीला ते मोबाइलकडे बघतात, ते टिपून ठेवा. ती ओळ बदलायची.