मुलीला ‘जाडी’ म्हणण्याआधी



“अगं, किती सुटलीस!” “हा तर नुसता काडी पैलवान!” हळदीला, बारशाला, अगदी गटाच्या बैठकीतही आपण हे सहज बोलून जातो. मनात वाईट काही नसतं. पण पंधरा वर्षांची पोर ते विसरत नाही. दुसऱ्या दिवसापासून “भूक नाही” म्हणते, डबा तसाच परत आणते. आपल्या फुलपाड्यातून नुसत्या चहावर विरारची लोकल पकडणाऱ्या मुली आपण पाहतोच.

10 ते 19 या वयात शरीर बदलणारच. पाळी सुरू होण्याच्या सुमारास मुलींचं वजन वाढतं, कंबर-मांड्या भरतात. ही वाढ आहे, लठ्ठपणा नाही. मुलगे थोडे उशिरा वाढतात. म्हणून शेजारच्या मुलांशी तुलना नको.

वजन बरोबर आहे का, हे नुसत्या काट्यावरून कळत नाही, उंचीही लागते. पाच फूट एक इंच उंचीच्या मोठ्या बाईचं वजन साधारण 45 ते 55 किलो असावं. पण 19 वर्षांपर्यंतच्या मुलांना हा हिशोब लावू नका. त्यांच्यासाठी वयाप्रमाणे वेगळा तक्ता असतो. तो आरोग्य केंद्रात विचारा.

आणि बारीक म्हणजे निरोगी, असंही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. उपाशी राहिल्याने हे आणखी वाढतं.

घरी काय कराल?

• सकाळी काहीतरी खाऊनच मुलांना बाहेर पाठवा. भाकरी, अंडं, केळं, काहीही चालेल.
• जेवणात डाळ, पालेभाजी, सुकट असू द्या. वडापाव, वेफर्सऐवजी चणे-शेंगदाणे किंवा आपल्या वसईची सुकेळी द्या.
• शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. तिच्यासोबत चहा नको, लिंबू चालेल.
• मुलगा जिमला जात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर, इंजेक्शन घेऊ देऊ नका.
• मुलीलाही मुलाएवढंच वाढा, तिलाही खेळायला पाठवा.

मूल लपून खातंय, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करतंय, चक्कर येतेय, वजन झपाट्याने उतरतंय किंवा मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ‘नाटकं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. मन खचलं असेल तर टेली-मानसच्या 14416 या नंबरवर दिवस-रात्र फुकट बोलता येतं.

पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की एक ठराव करूया: कुणाच्याही मुलाला जाड्या, काडी, काळी म्हणायचं नाही. विचारायचंच असेल तर एवढंच विचारूया, “बाळा, जेवलास का?”