कॅरव्हॅन जोडून नलारबॉर ओलांडताना

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीने एका दिवसात किती अंतर कापायचे, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: उजेडाचे तास, वाऱ्याची दिशा आणि पुढच्या पंपापर्यंतचे अंतर. शहरांना शहरे लागून असलेल्या भागात यातल्या तिसऱ्या गोष्टीचा कुणी विचारही करत नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या नलारबॉर पठारावर मात्र सगळे नियोजन तिथूनच सुरू होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातले नॉर्समन आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातले सेड्युना या दोन गावांमधला आयर हायवेचा भाग सुमारे १,२०० किलोमीटरचा आहे. या रस्त्याचे डांबरीकरण १९७६ साली पूर्ण झाले. आज तो उत्तम स्थितीत आहे आणि निवृत्तीनंतर कॅरव्हॅन जोडून देश पाहायला निघालेली हजारो जोडपी त्यावरून जातात. नॉर्समन ते युक्ला हा पहिला टप्पा सुमारे ७१० किलोमीटरचा, म्हणजे आपल्या समृद्धी महामार्गाएवढा. पण या पूर्ण अंतरात एकही गाव नाही. आहेत ती फक्त रोडहाऊस: पंप, खाणावळ, चार खोल्या आणि कॅरव्हॅन उभी करायला मोकळी जागा, एवढे सगळे एकाच आवारात.

नॉर्समनहून पूर्वेला निघाले की बॅलडोनिया सुमारे १९१ किलोमीटरवर लागते. तिथून कैगुना १८२. या मधल्या पट्ट्यात १४६.६ किलोमीटर रस्ता कुठेही वळत नाही. पुढे कॉकलबिडी ६५, मडुरा ९१, मंड्राबिला ११५, युक्ला ६६ आणि राज्याच्या सीमेवरचे बॉर्डर व्हिलेज आणखी १२ किलोमीटर. मग पुन्हा मोठी उडी: नलारबॉर रोडहाऊसपर्यंत सुमारे १८५. त्यानंतर नंड्रू साधारण १४५, आणि पीनाँगमार्गे सेड्युना आणखी दीडशे. अंतरे पाहून एकट्या गाडीच्या चालकाला यात काहीच अवघड वाटणार नाही. मागे दोन-अडीच टनांची कॅरव्हॅन लागली की हेच आकडे निराळे दिसू लागतात.

एरवी लिटरला दहा किलोमीटर देणारी डिझेलची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी उंच कॅरव्हॅन ओढताना साडेपाचवर येते. वजनाचा परिणाम चढावर आणि गाडी उठवताना जाणवतो. सपाट रस्त्यावर खरा खर्च होतो तो हवा कापण्यात. कॅरव्हॅनची समोरची बाजू गाडीपेक्षा उंच आणि रुंद असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी १०० ऐवजी ९० किलोमीटरने चालवले तर हा विरोध जवळजवळ १९ टक्क्यांनी उतरतो. ३४० किलोमीटरच्या टप्प्यात त्यासाठी जास्तीची फक्त २३ मिनिटे जातात. इतक्या स्वस्तात मिळणारी दुसरी बचत या प्रवासात नाही. वेगाची कमाल मर्यादा असतेच, पण मर्यादेला टेकून चालवलेच पाहिजे असे कुठे आहे?

टाकीचा हिशेब पूर्ण टाकीवर कधीच करू नये. ८० लिटरच्या टाकीतले १५ लिटर नाहीतच असे समजायचे, उरले ६५. लिटरला साडेपाच किलोमीटरने ते सुमारे ३५५ किलोमीटर पुरतात. नॉर्समन ते कैगुना हे अंतर ३७३ किलोमीटर आहे. म्हणजे डिझेल महाग म्हणून बॅलडोनियाचा पंप टाळून पुढे जाण्याचा विचार तिथेच संपतो. रोडहाऊसवरचे दर शहरापेक्षा बरेच चढे असतात हे खरे. इंधन दुरून टँकरने येते, आणि ही ठिकाणे आपली वीजही बहुतांशी स्वतःच तयार करतात. त्यामुळे नॉर्समन आणि सेड्युना इथे टाकी काठोकाठ भरावी आणि मधे गरजेपुरते घ्यावे, हा व्यवहार शहाणपणाचा आहे. ‘गरजेपुरते’ याचा अर्थ मात्र पुढच्या पंपापर्यंत पुरेल एवढेच असा घेऊ नये. पुढचा पंप रात्रीसाठी बंद झालेला असेल, वीज गेली असेल, टँकर यायचा असेल, तर मागे फिरता येईल किंवा त्याच्याही पुढच्या पंपापर्यंत पोहोचता येईल इतके टाकीत हवे. कैगुना ते युक्ला या पट्ट्यात पंप जवळजवळ असल्याने हे सहज जमते. बॅलडोनियाच्या दोन्ही बाजूंना आणि बॉर्डर व्हिलेजच्या पूर्वेला प्रत्येक वेळी टाकी फुल करणे हाच सुरक्षित मार्ग.

ॲव्हरेजचा आकडा पुस्तकातून किंवा दुसऱ्याच्या अनुभवातून उचलू नये, कारण गाडी-कॅरव्हॅनच्या प्रत्येक जोडीचा तो वेगळा असतो. नॉर्समनला पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिपमीटर शून्यावर आणावा आणि बॅलडोनियाला पुन्हा तशीच भरावी. १९१ किलोमीटरला ३६ लिटर बसले, तर ॲव्हरेज ५.३ पडले आणि ६५ लिटरांचा पल्ला ३४५ किलोमीटर झाला. हे गणित प्रत्येक थांब्यावर करायचे. काट्यावर विसंबू नये. बऱ्याच गाड्यांचा काटा वरच्या अर्ध्यात सावकाश आणि खालच्या अर्ध्यात भराभर उतरतो. डॅशबोर्डवर दिसणारा ‘उरलेला पल्ला’ही फसवा असतो, कारण आदल्या दिवशी कॅरव्हॅन न जोडता केलेली फेरी त्यात मिसळलेली असू शकते.

वाऱ्यापुढे मात्र सगळी गणिते नमतात. पठारावर झाडेच तुरळक, वाऱ्याला अडवणारे काही नाही. ताशी ९० ने जाणाऱ्या गाडीला समोरून ताशी ३० चा वारा लागला, तर कॅरव्हॅनला हवा १२० च्या वेगाने धडकते आणि विरोध पावणेदोन पटींहून वाढतो. लिटरला साडेपाच देणारी गाडी साडेचारवर, कधी त्याच्याही खाली येते आणि ३५५ चा पल्ला २९० वर घसरतो. हिवाळ्यात थंड हवेचे पट्टे सरकताना पश्चिमेचा जोरदार वारा सुटतो. पूर्वेकडे जाणाऱ्याला तो ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याचे डिझेल पितो. म्हणून रोज सकाळी निघण्यापूर्वी हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज पाहावा. समोरून जोराचा वारा असेल तर वेग ८० वर आणावा, किंवा सरळ मुक्काम वाढवावा. मुक्कामाला एक दिवस हाताशी ठेवून निघालेल्या माणसाला हे परवडते. ठरावीक तारखेला पर्थला पोहोचायचेच असे ठरवून निघालेला वाऱ्यात पाय दाबतो आणि मधेच अडकतो.

वीस लिटरचा जादा कॅन सोबत असावा, पण राहत्या कॅरव्हॅनच्या आत कधीही नाही. वाफेचा आणि आगीचा धोका आत झोपणाऱ्यांच्या उशाशी येतो. पाण्याचेही तसेच. रोडहाऊसवर पिण्याचे पाणी दुर्मीळ, ते सोबत न्यावेच लागते. मात्र शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. कॅरव्हॅनच्या मागच्या टोकाला वजन वाढले की जोडावरचा भार कमी होतो आणि ती शेपटासारखी झुलू लागते. जोडावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा.

दिवसाचा पल्ला ठरवताना उजेड सर्वात मोलाचा. कांगारू आणि वॉम्बॅट संध्याकाळपासून पहाटेपर्यंत रस्त्यावर येतात. एमू आणि उंटही या भागात आहेत. एकटी गाडी प्राणी पाहून थांबू शकेल अशा अंतरात कॅरव्हॅन लावलेली गाडी थांबत नाही, आणि स्टिअरिंग झटकले तर कॅरव्हॅन गाडीलाच आडवी करते. त्यामुळे सूर्य वर आल्यावर निघावे आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास मुक्काम गाठावा. थांबे धरून सरासरी वेग ७० च्या आसपास पडतो, म्हणून साडेतीनशे किलोमीटरला पाच तास लागतात. दर दोन तासांनी उतरून जोड, साखळ्या आणि टायर पाहावेत. चाकाच्या मध्याजवळ हात नेला आणि एकच चाक इतरांपेक्षा फार तापलेले जाणवले, तर बेअरिंग किंवा ब्रेक बिघडत आहे असे समजावे.

घड्याळही गोंधळात टाकते. कैगुनाच्या पूर्वेपासून बॉर्डर व्हिलेजपर्यंतच्या वस्त्या पर्थपेक्षा ४५ मिनिटे पुढची वेळ पाळतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वेळ पर्थच्या दीड तास पुढे आहे, आणि उन्हाळ्यात तर अडीच तास. पूर्वेकडे जाणाऱ्याचा हा वेळ वजा होतो. पंप बंद होण्याची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे असते, हे विसरून उशिरा पोहोचणारे बरेच असतात.

हे सारे धरले तर पूर्वेकडच्या प्रवासाचे चार दिवस असे बसतात: पहिल्या दिवशी नॉर्समन ते कैगुना, दुसऱ्या दिवशी मडुराची उतरण आणि युक्लाची चढण धरून युक्ला. तिसऱ्या दिवशी नलारबॉर रोडहाऊसपर्यंतच, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आत. हा टप्पा मुद्दाम छोटा ठेवावा. वाटेत समुद्रात तुटून पडणारे कडे आहेत. पुढे हेड ऑफ बाइट इथे हिवाळ्यात देवमासे पिल्लांसह किनाऱ्यालगत येतात; चौथ्या दिवसाची सकाळ त्यांना द्यावी आणि मग सेड्युना गाठावे. ज्यांना देवमासे पाहायचे नाहीत त्यांनी तिसऱ्या दिवशी नंड्रूपर्यंत जायला हरकत नाही.

सेड्युनाला कृषी तपासणी नाका आहे. पूर्वेकडे जाणाऱ्यांकडची फळे आणि बऱ्याच भाज्या तिथे काढून घेतात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांची तपासणी बॉर्डर व्हिलेजला होते आणि तिथे मधही चालत नाही. त्यामुळे नाक्याच्या आदल्या मुक्कामी भाजी संपेल एवढीच ती भरावी. सेड्युनानंतर गावे आणि पंप पुन्हा जवळजवळ येतात. तिथे अंतराची चिंता उरत नाही. लांब कॅरव्हॅनसह आत शिरून, मागे न घेता सरळ बाहेर पडता येईल असा पंप शोधावा लागतो, एवढेच.