गिऱ्हाइकाचा पत्ता हेच भांडवल

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी. या दोन्ही ठिकाणी पुस्तके, दिनदर्शिका, मूर्ती, तसबिरी यांचे दुकान मांडून वर्षाची कमाई करणारी कुटुंबे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. माल उसनवारीवर भरलेला असतो. गर्दी लोटते, विक्री होते, आणि तिसऱ्या दिवशी मैदान रिकामे! सातारा, अकोला, अहमदाबादहून आलेले गिऱ्हाईक आपापल्या गावी जाते. पुढल्या वर्षी ते आपल्याच दुकानावर येईल याची हमी काय? उरलेल्या पुस्तकांचे एक वेळ चालते. पण उरलेली दिनदर्शिका फेब्रुवारीत रद्दीच्या भावाने जाते आणि घरावर कर्ज राहते.

वाचकहो, या दुखण्यावर एक साधा उपाय आहे. गिऱ्हाइकाला वर्षभर पत्र लिहीत राहणे. आता त्याला पोस्टकार्डही लागत नाही. ई-मेलने एकच पत्र शेकडो लोकांना जाते आणि टपालखर्च शून्य. आपल्या मुलामुलींच्या साध्या मोबाईलमध्येसुद्धा जीमेलचे खाते बहुधा उघडलेले असतेच.

पत्राने माणसे जोडण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले, तेव्हा या पत्रांना वर्गणीदारांचाही आधार होता. मराठी पुस्तकांच्या धंद्यातही हेच दिसते. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक काढले. नव्या पुस्तकांची वार्ता त्यातून वाचकांच्या घरी पोहोचू लागली. मेहता प्रकाशनाने ‘मेहता मराठी ग्रंथजगत’ आणि राजहंस प्रकाशनाने ‘राजहंस ग्रंथवेध’ ही पत्रे याच हेतूने चालवली. दुकानात न आलेल्या वाचकालाही आपली आठवण राहिली पाहिजे, हे या प्रकाशकांनी ओळखले होते.

पत्र कसे असावे, याचा धडा तर परभणीतच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. शेतकरी त्याची वाट पाहतो, कारण तो ठरल्या वारी येतो आणि कामाचा असतो. आपल्या पत्रालाही हेच दोन नियम लावावेत. महिन्यातून एकच पत्र, ठरलेल्या तारखेला. आणि त्यात नुसते ‘घ्या, घ्या’ नको. वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काहीतरी हवे. कोणते पुस्तक मुलांना वाचायला द्यावे, कोणत्या जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, तसबिरीला ओल लागू नये म्हणून काय करावे, असे काही लिहावे. शेवटी मालाची माहिती, किंमत आणि फोन नंबर.

सुरुवात वहीपासून करावी. दुकानावर एक वही ठेवावी. नाव, गाव, ई-मेल, फोन, काय घेतले, एवढे रकाने पुरेत. ‘महिन्याला एक पत्र पाठवले तर चालेल का?’ असे विचारून, हो म्हणेल त्याचेच नाव लिहावे. न विचारता पाठवलेले पत्र कोणाला आवडत नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या एका अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना न विचारता जाहिरातीचे ई-मेल पाठवले, तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला होता. आपल्या देशातही २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आहे. ज्याची माहिती त्याची संमती, हा त्याचा गाभा आहे.

पाठवताना पत्ते ‘टू’ या जागी लिहू नयेत. तसे केले तर प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांना दिसतो. ते ‘बीसीसी’ या जागी लिहावेत, म्हणजे ज्याला त्याला आपलेच पत्र दिसते. जीमेलच्या फुकट खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्रे जातात. छोट्या दुकानाला तेवढी पुष्कळ झाली. विषयाच्या ओळीत आत काय आहे ते स्पष्ट लिहावे. फोटो एखादाच आणि लहान असावा. पत्राखाली ‘हे पत्र नको असल्यास फक्त नको असे कळवा’ ही ओळ न विसरता घालावी, आणि कोणी ‘नको’ म्हटले तर त्याच दिवशी नाव काढावे. वहीतील यादी दुसऱ्या कोणालाही विकू नये, देऊ नये.

आता खरे तेही सांगितले पाहिजे. शेजारपाजारचे गिऱ्हाईक ई-मेल उघडत नाही. गंगाखेडच्या शिवणकाम करणाऱ्या ताईने किंवा मानवतच्या पापड करणाऱ्या बचत गटाने जवळच्या गिऱ्हाइकासाठी फोन आणि व्हॉट्सॲपच वापरावे. पण शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या, विहारांच्या समित्या, पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आणि परदेशी गेलेली आपली मुले ई-मेल वाचतात. एकदम पन्नास प्रतींची मागणी येते ती बहुधा अशाच ठिकाणांहून.

आणि दिनदर्शिकेचा प्रश्न? सप्टेंबरच्या पत्रात नमुन्याचा फोटो घालून मागणी आधीच विचारावी. ‘सप्रेम जयभीम. नव्या वर्षाची दिनदर्शिका छापावयास देत आहोत. आपणांस किती प्रती हव्यात ते या महिन्याअखेर कळवावे.’ एवढे पुरे. दहा जणांचे उत्तर आले तरी किती माल भरावा याचा अंदाज येतो. तेवढे कर्ज कमी काढावे लागते.

घरातील दहावी-बारावीच्या लेकीकडे हे काम सोपवावे. हिशेबाच्या वहीशेजारी ही पत्त्यांची वही ठेवावी आणि तिची एक नक्कल दुसऱ्या जागी जपावी. मोबाईल हरवतो, दुकानाची जागा बदलते. पण नावे जपलेली असली तर धंदा पुन्हा उभा करता येतो.