शेवाळाचं विरजण शुद्ध असेल, तरच भाताला खत

कशेळी (ता. भिवंडी) : गोदामांच्या मधे उरलेली दोन-चार खाचरं आपण अजून लावतो. युरियाचा खर्च कमी व्हावा म्हणून मी एका उन्हाळ्यात घरीच निळं-हिरवं शेवाळ वाढवलं. दहा दिवसांत वाफा हिरवागार झाला, घरातले सगळे खूश. वाळवून खाचरात टाकलं, पण रोपं पिवळीच राहिली. नंतर कळलं, वाफ्यात वाढलं ते भलतंच शेवाळ होतं. पाणी डबक्यातलं वापरलं, तिथेच घोळ झाला.

निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरून भाताला देतं. पी. के. डे या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये भातखाचरातल्या या कामाबद्दल लिहिलं. हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतो असं धरतात. २० किलो म्हणजे साधारण ४५ किलोची युरियाची एक गोणी. साधं हिरवं शेवाळ मात्र हे काम करत नाही, उलट खत आणि जागा खातं.

प्रयोगशाळेत मूळ शेवाळ जपतात ते दह्याच्या विरजणासारखं. काचेचं भांडं आणि आतलं खतपाणी आधी १२१ अंशांवर १५ मिनिटं वाफवतात. आपला प्रेशर कुकर जसा वाफेच्या दाबावर चालतो, तसंच ते यंत्र. तोंडाला कापसाचा बोळा लावतात. शेवाळ उचलायची तार दर वेळी ज्योतीवर लाल करतात. एक परका जीव आत गेला तरी तोच वाढत बसतो.

आपल्याला एवढं जमणार नाही, पण पुढचं जमेल.

१) विरजण दर वर्षी कृषी विद्यापीठ किंवा संशोधन केंद्रातून नवं आणा. गेल्या वर्षीचं घरचं वापरलं की भेसळ वाढत जाते.

२) वाफा साधारण २ मीटर लांब, १ मीटर रुंद, प्लास्टिक अंथरलेला. आत चाळलेली, उन्हात तापवलेली ८-१० किलो माती आणि २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट. माती आंबट असेल तर थोडा चुना.

३) पाणी बोअरचं किंवा स्वच्छ विहिरीचं. खाडीचं खारं, नाल्याचं, डबक्याचं पाणी नको.

४) तणनाशक मारलेला पंप, बादली वाफ्याजवळ आणू नका. त्याने शेवाळ मरतं.

५) वर पातळ मच्छरदाणी बांधा. डासांच्या अळ्या आणि गोगलगायी शेवाळ खातात.

ओळखायचं कसं? चांगलं शेवाळ काळपट निळसर, बुळबुळीत, सायीसारखं जाड थर धरतं. गवतासारखे चकचकीत हिरवे लांब धागे दिसले तर समजा, भेसळ आहे. तो वाफा खाचरात टाकू नका. रिकामा करा, प्लास्टिक धुवा, उन्हात वाळवा, नवीन विरजणाने सुरू करा.

चांगलं शेवाळ वाळलं की पापुद्रे निघतात. लावणीनंतर आठवड्याने एकरी ४ किलो टाका, खाचरात पाणी राहू द्या. पहिल्या वर्षी युरिया पूर्ण बंद करू नका. एका खाचरात करून बघा, बाजूच्या खाचराशी ताडून पाहा, मगच पुढचं ठरवा.