कल्पनेतील युद्धे आणि हिशेबातून वगळलेली माणसे

दोन राष्ट्रांत तणाव निर्माण झाला की ‘समजा, युद्ध पेटलेच तर?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागतो. कोणाकडे किती रणगाडे, किती विमाने, कोणाचे क्षेपणास्त्र किती दूर जाते, याचे तक्ते मांडले जातात आणि क्रिकेटच्या सामन्याप्रमाणे जयपराजयाचे अंदाज बांधले जातात. हा प्रश्न मुळात अयोग्य नाही. सेनापती, मुत्सद्दी, शास्त्रज्ञ आणि लेखक गेली दोनशे वर्षे तो विचारीत आले आहेत. मात्र तो प्रामाणिकपणे विचारला गेला तेव्हा त्याने मानवजातीला सावध केले आणि अप्रामाणिकपणे विचारला गेला तेव्हा तिची फसवणूक केली. ही दोन्ही प्रकारची उदाहरणे वाचकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

खेळपटावरील युद्ध

आधुनिक ‘युद्धखेळा’चा उगम प्रशियात झाला. राइसविट्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने १८१२ साली राजासाठी असा एक पट तयार केला. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, तो नकाशावर खेळता येईल असा सुधारला. दोन पक्ष, सैन्याच्या तुकड्या दर्शविणारे ठोकळे, दैवाचा अंश यावा म्हणून फासे, आणि दोहोंमध्ये निर्णय देणारा पंच अशी त्याची रचना होती. प्रशियाच्या सेनेने तो प्रशिक्षणासाठी स्वीकारला आणि हळूहळू इतर राष्ट्रांनीही त्याचे अनुकरण केले.

या खेळाची सारी उपयुक्तता पंचाच्या निःपक्षपातीपणावर अवलंबून असते. ह्याचा विसर पडल्यास काय होते, हे मे १९४२ मध्ये दिसून आले. मिडवे बेटावरील नियोजित हल्ल्याची रंगीत तालीम जपानी नौदलाने ‘यामातो’ ह्या युद्धनौकेवर केली. तीत अमेरिकन विमानांचे नऊ बाँब लागून ‘अकागी’ व ‘कागा’ या दोन विमानवाहू नौका बुडाल्याचा निर्णय झाला. तेव्हा प्रमुख पंच असलेल्या ॲडमिरल उगाकी यांनी नऊ बाँबचे तीन केले आणि एक नौका वाचविली. बुडालेली दुसरी नौकाही पुढच्या मोहिमेच्या खेळात पुन्हा तरंगू लागली, असे जपानी अधिकाऱ्यांनीच युद्धानंतर लिहून ठेवले आहे. जूनमध्ये प्रत्यक्ष लढाई झाली तेव्हा ‘अकागी’ आणि ‘कागा’ यांसह जपानच्या चार विमानवाहू नौका सागरतळाशी गेल्या. तीन हजारांहून अधिक जपानी खलाशी व वैमानिक प्राणांस मुकले. त्यांना पुन्हा वर आणणारा पंच नव्हता.

साठ वर्षांनी, २००२ साली, अमेरिकेने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून असाच एक भव्य सराव केला. काल्पनिक शत्रूचे नेतृत्व निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होते. शत्रूचे संदेश यंत्रांनी टिपले जातील हे ओळखून त्यांनी मोटारसायकलस्वारांकरवी निरोप धाडले आणि लहान होड्या व क्षेपणास्त्रे यांच्या अचानक माऱ्याने अमेरिकन पक्षाची १६ जहाजे बुडविली. यानंतर जहाजे पुन्हा तरंगविण्यात आली आणि शत्रूपक्षाच्या हालचालींवर बंधने घालण्यात आली. इतर गोष्टी तपासायच्या असल्याने सराव पुढे नेणे भाग होते, असे आयोजकांचे म्हणणे होते. परंतु व्हॅन रायपर यांनी त्या नेतृत्वातून अंग काढून घेतले. शत्रूला स्वतःची बुद्धी आहे, हे मान्य न करणारी कल्पना म्हणजे निव्वळ आत्मस्तुती होय.

लेखणीतील युद्ध

सेनापतींप्रमाणे लेखकांनीही युद्धे कल्पिली. फ्रान्सचा प्रशियाकडून पराभव झाल्यानंतर १८७१ साली एका इंग्रजी मासिकात ‘डॉर्किंगची लढाई’ ही कथा निनावी प्रसिद्ध झाली. जर्मन भाषा बोलणारे सैन्य इंग्लंडवर उतरते व इंग्लंड हरते, असे तीत दाखविले होते. लेखक होते जॉर्ज चेस्नी. हिंदुस्थानात सेवा केलेले एक लष्करी अभियंता. देशाने बेसावध राहू नये, हा त्यांचा हेतू. कथेने एवढी खळबळ उडविली की पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना अशा भयग्रस्ततेविरुद्ध जाहीरपणे बोलावे लागले.

त्यानंतर अशा कथांचे पीकच आले. १९०६ साली लंडनच्या ‘डेली मेल’ने विल्यम ल क्यू यांची जर्मन आक्रमणाची कथा क्रमशः छापली. तीत शत्रूसैन्याचा मार्ग युद्धशास्त्राने नव्हे, तर वृत्तपत्राचा खप कोठे वाढेल यावरून बदलण्यात आला! मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी काही भारतीय वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे वृत्त मोठ्या आवेशाने दिले आणि ते खोटे ठरले. शंभर वर्षांत साधने बदलली. मोह बदललेला नाही.

याच्या उलट उदाहरण यान ब्लोख यांचे. हे पोलिश गृहस्थ सैनिक नव्हते. रेल्वे आणि पेढीच्या व्यवसायातील होते. त्यांनी १८९८ साली सहा खंडांचा ग्रंथ लिहून दाखवून दिले की, नव्या बंदुकांपुढे समोरून चढाई करणे म्हणजे आत्मघात. सैनिक खंदकांत रुतून बसतील, युद्ध लांबेल आणि उपासमार व क्रांती राष्ट्रांना पोखरून काढील. ब्लोख यांनी केवळ सैन्य मोजले नाही. त्यांनी धान्य, कर्ज आणि रुग्णशय्याही मोजल्या. अनेक सेनाधिकाऱ्यांनी त्यांची उपेक्षा केली. १९१४ नंतर पश्चिम आघाडीवर काय घडले, हे सर्वांना ठाऊक आहे.

अण्वस्त्रांच्या युगात

अण्वस्त्रे आल्यावर ह्या विषयाचे स्वरूपच पालटले, कारण असे युद्ध केवळ कल्पनेतच अभ्यासता येते. ऑक्टोबर १९८१ मध्ये परमपीठीय विज्ञान अकादमीने तज्ज्ञांची बैठक बोलावून अण्वस्त्रहल्ल्याच्या परिणामांचा विचार केला. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : अशा हल्ल्यानंतर वैद्यकीय सेवा कोलमडून पडेल, प्रतिबंध हाच एकमेव उपाय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच वर्षी आपले प्रतिनिधी पाठवून हे निवेदन अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या प्रमुखांपर्यंत पोहोचविले.

१९८३ साली कॅन्सस राज्यातील सामान्य कुटुंबांवर अण्वस्त्रहल्ला झाल्याचे दाखविणारा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहिला होता आणि त्याने आपले मन अत्यंत खिन्न केल्याचे दैनंदिनीत नोंदविले होते. १९८५ साली जिनिव्हा येथे रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी, अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढले जाऊ नये, असे संयुक्तपणे मान्य केले. १९८७ साली मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार झाला. त्याचे सारे श्रेय चित्रपटाला देता येणार नाही; परंतु कल्पनेतील प्रेतांकडे एका सत्ताधीशाने डोळे उघडून पाहिले होते, हेही खरे. तो करार २०१९ साली संपुष्टात आला.

त्याच वर्षी काही शास्त्रज्ञांनी २०२५ साली भारत आणि पाकिस्तान यांच्यात अणुयुद्ध झाले तर काय होईल, याचे गणित प्रसिद्ध केले. त्यांच्या अंदाजानुसार ५ ते १२.५ कोटी माणसे मरण पावतील. जळणाऱ्या शहरांचा धूर वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन भूपृष्ठावरील सूर्यप्रकाश २० ते ३५ टक्क्यांनी घटेल, पाऊस १५ ते ३० टक्क्यांनी कमी होईल आणि पृथ्वी पूर्ववत होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. ज्याच्या शेताचा भरवसा मोसमी पावसावर आहे, त्याला ह्या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कल्पिलेले ते २०२५ साल आले, संघर्षही झाला, सुदैवाने तो काही दिवसांत थांबला.

तीन प्रश्न

येथे नैतिक प्रश्न उपस्थित होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, संपूर्ण शहरांचा त्यांतील रहिवाशांसह सरसकट विध्वंस करणारी युद्धकृती हा परमेश्वराविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा होय, असे घोषित केले. स्वसंरक्षणाचा अधिकार ख्रिस्तसभा नाकारत नाही. परंतु शस्त्र उचलण्यापूर्वी त्यातून होणारी हानी निवारावयाच्या संकटाहून मोठी नाही ना, हे तपासण्यास ती सांगते. हे तपासायचे तर भावी युद्धाचे चित्र प्रामाणिकपणे डोळ्यांपुढे आणावेच लागते. तेव्हा अशी कल्पना करणे हे पाप नसून कर्तव्य ठरते. मात्र ती अर्धवट सोडणे धोक्याचे आहे.

म्हणून यापुढे कोणी आपल्यापुढे युद्धाचे कल्पित चित्र मांडले, तर वाचकांनी तीन साधे प्रश्न विचारावेत. ह्या चित्रातील शत्रू स्वतःच्या बुद्धीने वागतो की आपल्या सोयीने? यात केवळ शस्त्रे मोजली आहेत की दोन्ही बाजूंची माणसेही? आणि हे चित्र विजयाच्या घोषणेशी थांबते, की दुसऱ्या दिवसाचे पाणी, भाकरी, औषध आणि दफन यांपर्यंत जाते? ज्या चित्रात या तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही, त्याच्यावर विसंबून आपल्या मुलांना रणांगणावर धाडण्याची भाषा कोणी करू नये.