केनियाचे तिकीट आणि पिवळा दाखला

आमच्या भिंगारची मंडळीही हल्ली केनियाला सिंह बघायला निघतात. जाण्यापूर्वी रक्तदाब तपासायला येतात तेव्हा प्रवासाची कागदपत्रे, तिकीट, सारे तयार असते. राहिलेली असते ती पीतज्वराची लस. ही लस माझ्याकडे किंवा औषधाच्या दुकानात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रातच ती टोचतात. त्यासाठी आपल्याला पुणे-मुंबई गाठावे लागते. दाखला लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतो. 2016 च्या जुलैपासून तो जन्मभर चालतो, एवढी सोय झाली आहे.

दाखला नसेल तर परतताना आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. जाच वाटतो खरा, पण पीतज्वर आपल्या देशात नाही आणि तो पसरवणारा डास मात्र आहे. डेंग्यूचा तोच हा, आपल्याच रांजणात वाढणारा!

अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर ही लस देत नाहीत. गरोदर बाईंनी शक्यतो टाळावी. साठी उलटल्यावर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रासाचा धोका थोडा अधिक असतो. तेव्हा आजी-आजोबांना घेऊन दवाखान्यात या, पण तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी.