देवाचा वळू आणि सरकारी अर्ज

पवनेच्या कांठीं, पिंपरीच्या पलीकडे असलेली काळेवाडी आतां नांवापुरतीच वाडी उरली आहे. कारखान्यांच्या आधारानें तेथें इमारती उठल्या आणि निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेलीं कुटुंबें एकाच जिन्यावर नांदूं लागलीं. तेथील एका स्नेह्यांच्या घरीं, तीन पिढ्यांच्या संगतींत, आम्हीं 'वळू' हा चित्रपट नुकताच पुन्हां पाहिला.

श्री. उमेश कुलकर्णी यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००८ सालीं प्रदर्शित झाला. कथानक साधेंच आहे. कुसवडे गांवांत देवाला सोडलेला एक वळू आहे. तो कोणा एकाच्या मालकीचा नव्हे, साऱ्या गांवाचा. गांवांत कांहीं मोडलें कीं दोष त्याच्या माथीं बसतो, आणि अखेर त्याला धरावयास वनखात्याचा अधिकारी येतो. वास्तविक वनखात्याचा संबंध रानटी जनावरांशीं. हा तर गाईचाच पुत्र! परंतु प्रकरण एकदां सरकारदरबारीं गेलें, म्हणजे गरीब जनावरालाहि रानटी व्हावें लागतें.

अधिकाऱ्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ येतो व साऱ्या प्रकाराचा माहितीपट घेऊं लागतो. मग काय विचारतां! सरपंचांपासून (श्री. मोहन आगाशे) भटजींपर्यंत (श्री. दिलीप प्रभावळकर) जो तो आपापला वळू सांगूं लागतो. भटजींचें चित्र पाहून आपल्यापैकीं कोणी रागावूं नये. हंसण्याच्या या पंक्तींत प्रपंच केलेला नाहीं.

रशियांत १९३८ सालीं 'व्होल्गा-व्होल्गा' नांवाचा एक विनोदी बोलपट निघाला होता. त्यांत हंसें होतें तें गांवच्या हौशी गाणाऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्या अंमलदाराचें. 'वळू'चा रोख निराळा आहे. येथला अधिकारी (श्री. अतुल कुलकर्णी) मूर्ख नाहीं, दुष्टहि नाहीं. परंपरेनें जें गांवानें मिळून सांभाळावयाचें, तें सरकारच्या हवालीं करणारे गांवकरीच आहेत. शेवट सांगून वाचकांचा रस आम्ही घालवीत नाहीं.

चित्रपट संपला तेव्हां घरांतील आजोबा म्हणाले, "आमच्या गांवींहि असा वळू होता. शेतांत शिरला तर बायका भाकर दाखवून बाहेर काढीत. अर्ज कोणीं केला नाहीं."

धाकट्या नातवानें विचारलें, "मग आपल्या खालच्या गणपतीच्या कर्ण्याबद्दल अर्ज कोणीं केला हो, आजोबा?"

सर्व मंडळी हंसलीं. आजोबांनीं चष्मा पुसावयास घेतला.

रात्रीं दहानंतर कर्णे बंद, हा नियम २००० सालापासून आहे व तो हितकारकहि आहे. परंतु त्या वर्षीं मांडवांत पोलीस आले, आणि पुढल्या वर्षीं मुलांनीं गणपति बसविलाच नाहीं. "दोन जिने उतरून पोरांना सांगितलें असतें तर त्यांनीं ऐकलें असतें," असें आजोबा आम्हांला निरोप देतांना हळूच म्हणाले. यंदा ते स्वतःच वर्गणी घेऊन खालीं जाणार आहेत.